ग्रामसंघ आणि त्याची नोंद : हमरापूर-पेण परिसरातील कबड्डीच्या निमित्ताने क्रीडा-इतिहासलेखनाचा एक विचार

प्रस्तावना

पनवेल-रोहा लोहमार्गावर पेणच्या अलीकडे हमरापूर हे लहानसे स्थानक आहे. गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळे हमरापूर आणि शेजारचे जोहे या गावांची नावे महाराष्ट्रभर पोहोचली. मूर्तिकलेला बाजारपेठ असल्यामुळे तिच्याविषयी वृत्तपत्रांतून लिहिले जाते, शासकीय अहवालांत तिची दखल घेतली जाते आणि विद्यार्थी तिच्यावर प्रकल्प सादर करतात. परंतु याच पट्ट्यातील दुसरी एक परंपरा तितकीच सार्वत्रिक असूनही लिखित इतिहासात जवळजवळ अनुपस्थित आहे. ती म्हणजे गावोगावच्या कबड्डी संघांची. भातकापणी आटोपली की मोकळ्या खाचरात किंवा देवळापुढच्या पटांगणात आखले जाणारे मैदान, ग्रामदैवताच्या नावाने उभे राहिलेले मंडळ आणि रात्री उशिरापर्यंत चालणारे सामने हे पेण, अलिबाग, रोहा, उरण या तालुक्यांतील जीवनाचे परिचित अंग आहे. असे असूनही एखाद्या गावाचा संघ केव्हा उभा राहिला, त्यातून कोण घडले आणि तो कोणाच्या श्रमावर टिकला, याचे उत्तर ग्रंथालयात मिळत नाही.

या प्रश्नाकडे केवळ स्थानिक अभिमानाचा विषय म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार निराळ्या अंगाने केला आहे. लहान गावाच्या क्रीडासंघाची नोंद कोणत्या परिस्थितीत राहते, कोणत्या परिस्थितीत राहत नाही आणि नोंद नसल्यामुळे त्या संघाचे नेमके काय नुकसान होते, हे तपासणे हा येथील हेतू आहे. तुलनेसाठी अमेरिकेतील लहान शहरांच्या बेसबॉल संघांचे उदाहरण घेतले आहे, कारण ‘लहान गावाचा संघ’ या विषयावर विपुल लेखन झालेले ते कदाचित सर्वांत ठळक क्षेत्र होय.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. हुतूतू ते कबड्डी या संक्रमणात ग्रामसंघाचे स्थान स्पष्ट करणे.
२. अमेरिकेतील मायनर लीग बेसबॉल संघ आणि कोकणातील कबड्डीचा ग्रामसंघ यांच्या रचनेतील साम्य व भेद पाहणे.
३. नोंदीच्या अभावाचे परिणाम तपासणे.
४. ग्रामसंघांच्या इतिहासलेखनासाठी उपलब्ध साधनांचा विचार करणे.

अभ्यासपद्धती

निबंधाची पद्धती ऐतिहासिक व तौलनिक आहे. कबड्डी व बेसबॉल या दोन्ही खेळांच्या ज्ञात संस्थात्मक इतिहासातील घटनांचा आधार घेतला असून त्यांवरून विश्लेषण केले आहे. कोणत्याही एका मंडळाचा इतिहास सांगणे हे या निबंधाचे कार्य नाही. असा इतिहास लिहिण्यापूर्वी ज्या प्रश्नांची उत्तरे ठरवावी लागतात, त्यांची मांडणी येथे केली आहे.

हुतूतूपासून कबड्डीपर्यंत

महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडुडू, तमिळ प्रदेशात चेडुगुडू अशा निरनिराळ्या नावांनी हा खेळ खेळला जात असे. प्रांताप्रमाणे नियमही बदलत. संजीवनी प्रकारात बाद झालेला खेळाडू प्रतिपक्षाचा गडी बाद होताच पुन्हा मैदानात येई. गामिनी प्रकारात बाद झालेला खेळाडू संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. अमर प्रकारात बाद झालेला खेळाडू मैदान सोडत नसे, केवळ गुण मोजले जात. आजची कबड्डी यांपैकी संजीवनी प्रकाराला सर्वांत जवळची आहे.

या विविधतेला एका नियमावलीत बांधण्याचे काम प्रामुख्याने महाराष्ट्रात आणि बडोद्यात झाले. १९१८ ते १९२३ या काळात सातारा व पुणे येथील क्रीडाप्रेमींनी नियम निश्चित करण्याचे प्रयत्न केले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियमावली तयार करून अखिल भारतीय स्तरावरील स्पर्धा भरविली. १९३०च्या दशकात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने देशी खेळांच्या नियमांना अधिक स्थिर रूप दिले. १९३८ मध्ये कोलकाता येथील भारतीय ऑलिंपिक स्पर्धांत या खेळाचा समावेश झाला. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ मध्ये मद्रास येथे आणि महिलांची १९५५ मध्ये कोलकाता येथे झाली. १९७२ मध्ये भारतीय हौशी कबड्डी महासंघाची स्थापना झाली. कबड्डीच्या प्रसारासाठी आयुष्य वेचणारे शंकरराव तथा बुवा साळवी यांचे नाव या वाटचालीत अग्रभागी आहे. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिन महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धांत कबड्डीचे प्रदर्शनीय सामने झाले आणि १९९० मध्ये बीजिंग येथे ती पदकासाठीचा खेळ बनली.

कबड्डीचा हा जो इतिहास सांगितला जातो, तो वरून खाली येणारा आहे. त्यात महासंघ आहेत, नियमावल्या आहेत, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहेत. हे सर्व आवश्यकच होते. परंतु नियमावली छापली गेली म्हणून खेळ रुजत नाही. तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद मैदान, मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा, लोणाचे दोन गुण, तीस सेकंदांची चढाई या गोष्टी जेव्हा गावातील मुलांच्या अंगवळणी पडतात, तेव्हाच खेळ खऱ्या अर्थाने एकरूप होतो. हे काम कोणत्याही महासंघाच्या कार्यालयात झालेले नाही. ते गावच्या मैदानावर, बहुधा स्वतः खेळणे थांबविलेल्या एखाद्या ज्येष्ठ खेळाडूच्या देखरेखीखाली, विनामोबदला झाले. ‘हुतूतू’चा दम ‘कबड्डी’च्या दमात बदलण्याची प्रक्रिया प्रत्येक गावात स्वतंत्रपणे घडली असणार. ती कोठे केव्हा घडली, याचा कालानुक्रम मांडला गेला तर महाराष्ट्रातील ग्रामीण भाग आधुनिक क्रीडासंस्थांशी कसा जोडला गेला, हे समजण्यास मदत होईल.

खारेपाटाची सामाजिक पार्श्वभूमी

पेण व अलिबाग तालुक्यांतील खाडीलगतचा सखल प्रदेश खारेपाट या नावाने ओळखला जातो. भाताचे एक पीक, बांधबंदिस्ती, मासेमारी, मिठागरे आणि मुंबईची नोकरी हे येथील उपजीविकेचे जुने आधार. पावसाळ्यात शेत, पावसाळ्यानंतर मोकळीक असे श्रमाचे चक्र असल्यामुळे कबड्डीचा हंगाम कापणीनंतर सुरू होणे स्वाभाविक होते. खेळाला साहित्य लागत नसल्याने आर्थिक अडसर नव्हता. आगरी, कोळी, कुणबी अशा श्रमजीवी समाजांतील तरुणांना अंगमेहनतीने कमावलेले शरीर प्रतिष्ठेचे साधन बनविता आले, ते या खेळामुळे.

मुंबईशी असलेले नातेही येथे विचारात घ्यावे लागते. कोकणातून गिरणगावात गेलेला कामगार गावाचे मंडळ सोबत घेऊन गेला. मुंबईतील व्यायामशाळा व क्रीडामंडळे यांनी कबड्डीला नियमित स्पर्धांची चौकट दिली. रेल्वे, पोलीस, बँका आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या संघांमुळे ‘व्यावसायिक गट’ उभा राहिला आणि कबड्डी हा नोकरीचा मार्ग बनला. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावाचे जीवन विस्कटले, तरी चांगल्या खेळाडूला नोकरी मिळण्याचा हा मार्ग पूर्णपणे बंद झाला नाही. त्यामुळे ग्रामसंघाची भूमिका दुहेरी राहिली. एकीकडे तो गावाच्या एकोप्याचे प्रतीक होता आणि दुसरीकडे, कोणत्याही नियुक्तिपत्राशिवाय, गावाबाहेरच्या संघांना खेळाडू पुरविणारी शाळा होता.

मायनर लीग : ताळेबंद असलेला संघ

ही दुसरी भूमिका जगात अन्यत्र कशी पार पाडली गेली, हे पाहण्यासाठी बेसबॉलचे उदाहरण उपयुक्त ठरते. अमेरिकेत सर्वोच्च स्तरावरील स्पर्धेला मेजर लीग आणि तिच्याखालील स्तरांना मायनर लीग म्हणतात. सप्टेंबर १९०१ मध्ये शिकागो येथे या खालच्या स्तरावरील लीगच्या प्रमुखांनी एकत्र येऊन आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. मोठ्या संघांनी खेळाडू पळवून नेऊ नयेत, न्यायचे असतील तर मोबदला द्यावा, हे तिच्या स्थापनेमागील महत्त्वाचे कारण होते. म्हणजे लहान संघाच्या संघटित इतिहासाचा आरंभच मुळी खेळाडूवरील हक्काच्या प्रश्नातून झाला.

या हक्काचे मूल्य किती होते, हे बाल्टिमोरच्या संघावरून दिसते. या मायनर लीग संघाने १९१४ मध्ये बेब रूथ हा खेळाडू बोस्टनला विकला आणि १९२४ मध्ये लेफ्टी ग्रोव्ह या गोलंदाजासाठी फिलाडेल्फियाकडून एक लाख सहाशे डॉलर इतकी, त्या काळी थक्क करणारी रक्कम मिळविली. पुढे सेंट लुईसच्या संघाचे व्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी वेगळा मार्ग काढला. तयार खेळाडू विकत घेण्याऐवजी लहान गावांचे संघच ताब्यात घ्यायचे किंवा करारबद्ध करायचे आणि तेथे खेळाडू ‘पिकवायचे’, ही पद्धत त्यांनी १९२०च्या दशकात रुजविली. शेतीवरूनच तिला ‘फार्म’ पद्धत असे नाव पडले. लहान संघाला आर्थिक स्थैर्य आले, परंतु निर्णयाचा अधिकार गावाबाहेर गेला.

१९४९ मध्ये मायनर लीगची संख्या ५९ वर पोहोचली होती आणि त्या वर्षीची प्रेक्षकसंख्या चार कोटींच्या जवळपास होती. त्यानंतर दूरचित्रवाणीवर मोठ्या संघांचे सामने घरबसल्या दिसू लागले आणि पुढील दीड दशकात बहुसंख्य लीग बंद पडल्या. काही ठिकाणी नागरिकांनी संघ वाचविला. न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर शहरात १९५७ मध्ये मालकसंघाने अंग काढून घेतल्यावर आठ हजारांहून अधिक नागरिकांनी भाग विकत घेऊन संघ आपल्या मालकीचा केला. परंतु सर्वांनाच हे साधले नाही. २०२० मध्ये साथीमुळे मायनर लीगचा हंगाम रद्द झाला. २०२१ पासून मेजर लीगने संपूर्ण व्यवस्था आपल्या नियंत्रणाखाली घेतली आणि संलग्न संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. चाळीस ठिकाणच्या संघांची संलग्नता एका निर्णयाने संपुष्टात आली. दुसरीकडे, २०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडू संघटित झाले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला.

या इतिहासातून आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात येते. मायनर लीग संघाविषयी एवढे लिहिता आले, याचे कारण तेथील लोकांची इतिहासदृष्टी अधिक तीव्र होती हे नव्हे. तिकिटांचा हिशेब, खेळाडूंचे करार, विक्रीची रक्कम, मालकी हक्काची कागदपत्रे आणि वृत्तपत्रांत रोज छापले जाणारे आकडे या सर्वांमागे पैशाचा व्यवहार होता. व्यवहारासाठी कागद झाला आणि कागदामुळे इतिहास झाला. संघ बुडाला तरी त्याचा ताळेबंद उरला.

ग्रामसंघ : ताळेबंद नसलेला संघ

कबड्डीच्या ग्रामसंघाची स्थिती याच्या उलट आहे. त्याला मालक नाही, म्हणून त्याची विक्री होत नाही. मैदान गावाचे, नाव ग्रामदैवताचे आणि खेळाडू घरोघरचे असल्यामुळे तो दुसऱ्या शहरात हलविता येत नाही. अमेरिकेतील चाळीस संघांप्रमाणे दूरच्या कार्यालयातील एका ठरावाने तो नाहीसा होऊ शकत नाही. एक पिढी थकली तर काही वर्षे संघ थांबतो आणि पुढची मुले उभी राहिली की त्याच नावाने पुन्हा मैदानात उतरतो. हे त्याचे सामर्थ्य आहे.

तथापि, ज्या कारणाने तो टिकाऊ आहे त्याच कारणाने तो नोंदरहित आहे. स्पर्धेसाठी वर्गणी जमते आणि स्पर्धेतच खर्च होते. खेळाडूशी करार नसतो, कारण तो गावचाच मुलगा असतो. प्रशिक्षकाला मानधन नसते, म्हणून त्याची नियुक्ती कोठे लिहिली जात नाही. गावाने जे प्रेमाने दिले ते कागदावर आले नाही आणि जे कागदावर आले नाही ते इतिहासातून वगळले गेले. संघाची स्मृती ज्येष्ठांच्या बोलण्यात, कपाटातील चषकांवर आणि भिंतीवरच्या धूसर छायाचित्रांत राहते. नियमबद्ध कबड्डीच्या पूर्वीचे हुतूतू प्रत्यक्ष खेळलेली पिढी आता फार थोडी उरली आहे. त्यामुळे हा प्रश्न सवडीने हाताळण्याजोगा राहिलेला नाही.

महिला खेळाडूंच्या बाबतीत हा अभाव दुप्पट होतो. १९५५ पासून महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा होत आहेत आणि २०१० मध्ये ग्वांगझू येथे महिला कबड्डी आशियाई स्पर्धांत दाखलही झाली. परंतु ग्रामस्तरावर मुलगी खेळते ती शाळेच्या किंवा माहेरच्या मंडळाच्या संघातून. विवाहानंतर गाव बदलते, आडनाव बदलते आणि पुष्कळदा खेळ सुटतो. माहेरच्या मंडळाच्या आठवणीत ती राहत नाही आणि सासरच्या गावाला तिचा खेळ ठाऊक नसतो. केवळ मंडळातील ज्येष्ठ पुरुषांच्या मुलाखतींवर आधारलेला इतिहास तिला आपोआप वगळील. म्हणून शाळांच्या क्रीडानोंदी तपासणे आणि विवाहित खेळाडूंना त्यांच्या आजच्या गावी जाऊन भेटणे हा अशा संशोधनाचा अनिवार्य भाग मानला पाहिजे.

नोंदीच्या जागी आख्यायिका : बर्लिन १९३६

नोंद नसली की जागा रिकामी राहत नाही. तेथे आख्यायिका येऊन बसते. याचे बोधप्रद उदाहरण कबड्डीच्या इतिहासातच आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कबड्डी हा प्रदर्शनीय खेळ होता, असे विधान अनेक पाठ्यपुस्तकांत व स्मरणिकांत आढळते. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक त्या वर्षी बर्लिनला गेले आणि तेथे त्याने भारतीय व्यायामप्रकार व खेळ यांची प्रात्यक्षिके दाखविली, ही गोष्ट खरी व गौरवास्पद आहे. १९१४ मध्ये सुरू झालेल्या, वऱ्हाडातील एका संस्थेने स्वतःच्या बळावर जगाच्या व्यासपीठापर्यंत मजल मारली, ही तिची खरी कामगिरी.

परंतु त्या ऑलिंपिकच्या अधिकृत कार्यक्रमात प्रदर्शनीय खेळ म्हणून ज्यांचा समावेश होता, त्यांत बेसबॉल आणि ग्लायडिंग यांची नावे येतात, कबड्डीचे नाही. १२ ऑगस्ट १९३६ च्या रात्री ऑलिंपिक मैदानावर दोन अमेरिकी हौशी संघांत बेसबॉलचा सामना झाला. त्या वेळी नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षक उपस्थित असल्याचे सांगितले जाते. म्हणजे लहान गावांतून वाढलेले हे दोन खेळ एकाच उन्हाळ्यात एकाच शहरात दाखविले गेले. बेसबॉलचा सामना अधिकृत अहवालात दिवस व गुणांसह नोंदला गेला. अमरावतीकरांचे प्रात्यक्षिक मात्र नंतरच्या पुनःकथनात ‘अधिकृत प्रदर्शनीय खेळ’ बनले. या अतिशयोक्तीने पथकाचा सन्मान वाढत नाही. कारण विधान खोडून काढले गेले की त्यासोबत खऱ्या कामगिरीवरही शंका घेतली जाते. ग्रामसंघाचा इतिहास लिहिणाऱ्याने हा धडा लक्षात ठेवला पाहिजे. ‘जिल्ह्यातील पहिला संघ’, ‘सलग अमुक वर्षे अजिंक्य’ अशी विधाने स्मरणिकांत सहज येतात. ती चषकावरील कोरीव अक्षरे, हस्तपत्रके आणि त्या काळची वृत्तपत्रे यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नयेत.

नोंद आणि हक्क

आता प्रश्न उरतो तो नोंदीच्या उपयोगाचा. संघ टिकून आहे, मुले खेळत आहेत, मग इतिहास लिहिला गेला नाही तर काय बिघडले, असे विचारता येईल. २०१४ पूर्वी या प्रश्नाला कदाचित केवळ सांस्कृतिक उत्तर देता आले असते. जुलै २०१४ मध्ये मुंबईत प्रो कबड्डी लीगचा आरंभ झाला आणि परिस्थिती बदलली. पहिल्या हंगामात आठ संघ होते आणि २०१७ मध्ये ते बारा झाले. पहिल्या लिलावात राकेश कुमार यांच्यावर लागलेली सर्वोच्च बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावत यांच्यासाठी ती २ कोटी ६० लाख रुपयांच्या पुढे गेली. मातीतला खेळ मॅटवर गेला आणि खेळाडूच्या कौशल्याला बाजारमूल्य आले, हे स्वागतार्हच आहे. ज्या खेळाडूंच्या मागील पिढ्यांनी केवळ चषक व टाळ्या मिळविल्या, त्यांच्या पुढच्या पिढीला चरितार्थ मिळू लागला.

परंतु लिलावातील रक्कम हे खेळाडूचे मानधन असते. तो कोणत्या मैदानावर घडला, याचा त्या व्यवहाराशी संबंध येत नाही. बेसबॉलमध्ये लहान संघाने खेळाडूवरील हक्क १९०१ मध्येच मांडला होता, मात्र तो मालकीच्या स्वरूपात. त्यातून खेळाडूच्या स्वातंत्र्यावर बंधने आली, म्हणून ते प्रतिरूप आपल्यासाठी आदर्श ठरू शकत नाही. याहून न्याय्य उदाहरण फुटबॉलमध्ये आहे. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने २००१ मध्ये अशी व्यवस्था आणली की, करार संपण्यापूर्वी एखादा खेळाडू मोबदला देऊन दुसऱ्या देशातील संघात गेला, तर त्या रकमेतील पाच टक्के वाटा वयाच्या १२ व्या ते २३ व्या वर्षांदरम्यान त्याला घडविणाऱ्या संघांना, वर्षांच्या प्रमाणात, मिळतो. खेळाडू कोणाच्या मालकीचा होत नाही, त्याच्या मानधनाला धक्का लागत नाही, तरीही त्याला शिकविणाऱ्या लहान संघाचे ऋण मान्य होते.

कबड्डीत अशी तरतूद करावयाची तर लिलावपद्धती निराळी असल्याने तिचे स्वरूप वेगळे ठरवावे लागेल. लीगच्या उत्पन्नातून ग्रामसंघांसाठी निधी हा एक पर्याय होऊ शकतो. परंतु कोणत्याही पर्यायाची पहिली अट एकच आहे. अमुक खेळाडू अमुक वर्षांत अमुक मंडळाकडून खेळला, हे दाखविणारी विश्वसनीय नोंद हवी. फुटबॉलमध्ये त्यासाठी खेळाडूचे क्रीडा-पारपत्र ठेवले जाते. आपल्या ग्रामसंघापाशी असा दाखला नसेल, तर उद्या हक्क देऊ केला गेला तरी तो सिद्ध करता येणार नाही. म्हणून ग्रामसंघाचा इतिहास हा केवळ स्मरणाचा विषय नाही. तो पुराव्याचा विषय आहे.

उपलब्ध साधने

नोंदरहित म्हटलेल्या ग्रामसंघाची साधने विखुरलेली असली तरी ती अस्तित्वात नाहीतच असे नाही. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली नोंदणी झालेल्या मंडळांची घटना, विश्वस्तांची नावे व हिशेबपत्रके धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असतात. जिल्हा कबड्डी संघटनांकडे संघनोंदणी, निवड चाचण्या आणि अजिंक्यपद स्पर्धांची कागदपत्रे असू शकतात. मैदान, पाणी व वीज यांच्या परवानगीचे अर्ज ग्रामपंचायतींच्या दप्तरात सापडण्याचा संभव आहे. अलिबागहून निघणाऱ्या ‘कृषीवल’सारख्या स्थानिक वृत्तपत्रांचे जुने अंक हे कालनिश्चितीचे उत्तम साधन होय. याशिवाय चषक, प्रमाणपत्रे, स्पर्धांची हस्तपत्रके, निमंत्रणपत्रिका, गुणपत्रके, गणवेश आणि छायाचित्रे ही घरोघरी जपलेली साधने आहेत.

मौखिक साधनांचा वापर करताना मात्र दक्षता हवी. वृद्ध खेळाडूला वर्ष आठवत नाही, पण पूर, दुष्काळ, निवडणूक, घरातील लग्न किंवा संप आठवतो. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, ही अशीच एक खूण. प्रमाणपत्रावर ‘कुलाबा जिल्हा’ असे छापलेले असेल तर ते बहुधा त्यापूर्वीचे, एवढे तरी निश्चित करता येते. एकाच सामन्याची हकीकत जिंकलेल्या व हरलेल्या अशा दोन्ही गावांतून घेणे हीदेखील आवश्यक खबरदारी आहे, कारण पराभवाची आठवण विजयाच्या आठवणीला ताळ्यावर आणते.

निष्कर्ष

१. कबड्डीच्या प्रचलित इतिहासात महासंघ व स्पर्धा यांना स्थान मिळाले, परंतु नियम प्रत्यक्ष रुजविणाऱ्या ग्रामसंघांना ते मिळाले नाही.
२. अमेरिकेतील लहान शहरांच्या बेसबॉल संघांचा इतिहास उपलब्ध आहे तो प्रामुख्याने आर्थिक व्यवहारांच्या कागदपत्रांमुळे. कोकणातील ग्रामसंघ विनामोबदला श्रमावर उभा असल्याने त्याच्या नोंदी झाल्या नाहीत.
३. मालक नसल्यामुळे ग्रामसंघ अधिक टिकाऊ ठरला, परंतु त्याच कारणाने खेळाडू घडविण्याच्या कार्याचे श्रेय त्याला सिद्ध करता येत नाही.
४. नोंदीच्या अभावी अतिशयोक्त विधाने रूढ होतात आणि त्यामुळे खऱ्या कामगिरीचेच नुकसान होते.
५. महिला खेळाडूंच्या इतिहासासाठी स्वतंत्र व वेगळी संशोधनपद्धती आवश्यक आहे.

शिफारशी

परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व शारीरिक शिक्षण विभागांनी एकत्रितपणे प्रत्येक मंडळाचे नोंदपत्रक तयार करावे. त्यात स्थापनेचा काळ, मैदान, खेळाडू, प्रशिक्षक, स्पर्धा आणि प्रत्येक माहितीचा आधार यांची स्वतंत्र नोंद असावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना हे काम त्यांच्या स्वतःच्या गावापासून सुरू करता येईल. मूळ चषक वा छायाचित्र गावातच ठेवून त्यांची प्रतिमा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जतन करावी. मंडळांनीही दरवर्षीच्या संघाची यादी, जन्मतारखांसह, एका नोंदवहीत लिहून ठेवावी. या वहीला फारसा खर्च नाही.

हमरापूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेली मूर्ती कोणी घडविली, हे ती विकत घेणाऱ्यास बहुधा ठाऊक नसते, पण कारखानदाराच्या वहीत तिची नोंद असते. गावच्या मैदानावर घडलेल्या खेळाडूंसाठी तेवढीशी वहीदेखील आजवर ठेवली गेली नाही. ती उघडण्याचे काम इतिहासाच्या अध्यापकांनी आपले मानावे, एवढेच या निबंधाचे प्रतिपादन आहे.